गाडगेबाबांना कुठे बसवणार?
श्रद्धा म्हणजे प्रश्न न विचारणे, असे इथे काहींनी म्हटले आहे. मला ते अजिबात पटत नाही. गाडगेबाबांचेच घ्या. ओठांवर 'गोपाला गोपाला', आणि त्याच कीर्तनात नवस, पशुबळी, कर्ज काढून केलेले सण यांवर सडकून टीका. तीही समोरच्या अडाणी माणसालाच प्रश्न विचारत विचारत, त्याच्याकडून उत्तर काढून घेत! पंढरपुरात यात्रेकरूंसाठी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. हिंदू म्हणून मरणार नाही, असे बाबासाहेबांनी १९३५ मध्येच येवल्यात जाहीर केले होते. तरी गाडगेबाबांचा हात आखडला नाही. आता सांगा, या माणसाला आस्तिकांत बसवायचे की संशय घेणाऱ्यांत?