मचाणावर हत्यार वर घेताना अडकतंय, मदत हवी आहे

रानभैरी:
शनिवारी पहाटे मचाणावर बसायचंय आणि इथेच अडलोय. दोरीने वर ओढताना दर वेळी शिडीच्या पायरीत अडकतं. वैतागून खांद्याला लावून चढलो तर पट्टा घसरून कोपरात आला आणि मी एका हाताने शिडीला लोंबकळत राहिलो. जमलेली रीत सांगा. परवाना आहे, त्यावर चर्चा नको.

पाऊलखुणा:
काय अडकतं? बंदूक, धनुष्य, क्रॉसबो? मचाण किती उंच?

लांबपल्ला:
बंदूक असणार. गोळ्या काढा, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) उघडा, नळी जमिनीकडे, दोरी ट्रिगरपासून लांब. गोळी भरायची ती वर बसून हार्नेस, म्हणजे पडण्यापासून वाचवणारे अंगाचे पट्टे, लावल्यावरच. उतरताना आधी रिकामी करून खाली सोडायची, मग आपण.

जुनाखोड:
एवढं कशाला? वीस वर्षं भरलेली बंदूक पाठीवर घेऊन चढतोय. सेफ्टी लावली की झालं.

लांबपल्ला:
सेफ्टी हा एक खटका आहे, फांदीला घासून सरकतो. नवीन माणसं वाचतात इथे, असलं सांगू नका.

रानभैरी:
अहो, बंदूक नाही! कंपाउंड धनुष्य, चाकं आणि केबलवालं. मचाण शिडीचं, १८ फूट.

हिरवागार:
कपडे बिनवासाच्या साबणाने धुतलेत ना? वारा तुमच्याकडून हरणाकडे वाहत असेल तर बसूच नका.

पाऊलखुणा:
हिरवागार, त्याचा वेगळा धागा काढा. रानभैरी, बाण कुठे असतात?

रानभैरी:
धनुष्यालाच भाता आहे. झाकण सैल झालंय, परवा ओढताना एक बाण निसटून शिडीच्या पायथ्याशी पडला.

पाऊलखुणा:
मग अडकण्यापेक्षा हे मोठं आहे. ब्रॉडहेडची, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या धारदार टोकाची, पाती चामडी सहज चिरतात आणि तुम्ही घसरलात तर त्यांच्यावरच पडणार. तो भाता बाद करा. पाती पूर्ण झाकणारा घ्या, काढून वेगळा वर ओढा. दोरीचं वरचं टोक मचाणाला बांधा, स्वतःला नाही. दुसरं टोक शिडी नसलेल्या बाजूने सोडा, पायऱ्यांचा प्रश्नच मिटतो. धनुष्याला गाठ मुठीच्या वर मारा, प्रत्यंचेला आणि केबलला दोरी लागू देऊ नका. आणि ओढताना वाकता तेव्हा हार्नेस लावलेला असतो ना?

रानभैरी:
धनुष्य वर आलं की लावतो.

लांबपल्ला:
म्हणजे चढताना आणि वाकताना, दोन्ही वेळा मोकळेच! झाडावरून जमिनीपर्यंत जीवनदोरी सोडा, तिच्यावर प्रुसिक गाठ (हाताने सरकते, वजन पडलं की घट्ट धरते), आणि जमिनीवरूनच हार्नेस तिला जोडा. गाठ हाताने वर सरकवत चढायचं.

जुनाखोड:
कमरेला पट्टा पुरतो.

पाऊलखुणा:
नाही पुरत. पडलात की पोटावर आवळतो किंवा काखेपर्यंत सरकतो, श्वास कोंडतो. पूर्ण अंगाचाच हवा. त्यातही नुसतं लटकून राहिलं तर मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात. पाय टेकवायला पट्ट्याचा फास जवळ ठेवा. फोन पिशवीत नको, हात पोचेल अशा खिशात.

रानभैरी:
आज दोरी दुसऱ्या बाजूने सोडून पाहिली. धनुष्य एकदाही अडकलं नाही, आभार! भाता नवीन आणतोय. पण प्रुसिकची गाठ जोर दिला की सरकते.

लांबपल्ला:
गाठीची दोरी जीवनदोरीइतकीच जाड आहे का?

रानभैरी:
हो, एकाच गुंडाळीतली.

लांबपल्ला:
म्हणूनच. ती बारीक लागते आणि तीन वेढे. त्यापेक्षा गाठीसकट तयार जीवनदोरी घ्या. जमिनीलगत पूर्ण वजन टाकून बघा. गाठ धरेपर्यंत वर जाऊ नका, शनिवार गेला तरी चालेल.