वाडा पाडून बिल्डिंग: खाली गाळे हवेत का नुसतं पार्किंग?

पारावरचा:
आमचा सदाशिव पेठेतला वाडा शेवटी पाडायला निघालाय. तीन मालक (चुलत, चुलत-चुलत), बारा भाडेकरू, पंधरा वर्षांच्या मीटिंगा आणि आत्ता कुठे बिल्डरचा प्लॅन हातात पडलाय. वर सहा मजले फ्लॅट, रस्त्याला लागून चार छोटे गाळे, मागे पार्किंग. त्यावरून ग्रुपवर महाभारत चालू आहे. निम्मे लोक म्हणतात गाळे नकोतच, अख्खा तळमजला गाड्यांना द्या, गेट लावा, वॉचमन बसवा, विषय संपला.

मला हे पटत नाही. पेठेतला वाडा नुसता राहायचा कधी नव्हताच, रस्त्याकडच्या खणांत वाणी, शिंपी, सायकलवाला, अमृततुल्य आणि आत बिऱ्हाडं, हेच आता मिक्स्ड युज म्हणून प्लॅनिंगवाले आपल्याला नव्याने शिकवतात. आमच्या बोळात माझ्या डोळ्यादेखत सात वाडे पडले, त्यातल्या पाच ठिकाणी आता खाली खांब, गाड्या आणि बंद ग्रिल. रात्री नऊला त्या बाजूने जाताना भिंतींच्या मधून चालल्यासारखं वाटतं. उलट आमच्या अमृततुल्यासमोर सकाळी दहाबारा जण पेपर घेऊन उभे असतात, कोण अ‍ॅडमिट आहे, कुणाची गाडी उचलली, सगळं त्यांना आधी कळतं. नागनाथ पारासारखा पार आता नव्याने कोण बांधून देणारे? जो काय कट्टा उरलाय तो दुकानाच्या पायरीवरच उरलाय.

बोला.

तिसरा_मजला:
पायरीबियरी वाचायला छान वाटतं हो. मी राहतो असल्या बिल्डिंगमध्ये, कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत. प्लॅन दाखवला तेव्हा खाली स्टेशनरी आणि दवाखाना होता, दोन वर्षांत स्टेशनरीवाल्याने गाळा भाड्याने दिला आणि तिथे कॅफे आला. त्याचा एक्झॉस्ट आमच्या डक्टमध्ये, म्हणजे रात्री अकराला माझ्या बाथरूममध्ये लसणाचा वास. दारात डिलिव्हरीवाल्या पोरांच्या गाड्या, एक वाजेपर्यंत सिगारेटी आणि हसणं खिदळणं. आई ८१ वर्षांची आहे, तिला काय सांगू, की हा कट्टा आहे, संस्कृती आहे?

पारावरचा:
@तिसरा_मजला, त्रास खरा आहे, नाही म्हणत नाही. पण तो गाळ्याचा नाही, गाळ्यात काय चालतं त्याचा आहे. अ‍ॅग्रीमेंटमध्येच लिहून घ्यायचं, धूर निघेल असं काही नको, दहाला शटर खाली.

तिसरा_मजला:
आमच्याही अ‍ॅग्रीमेंटमध्ये आहे. लॅमिनेट करून ठेवलंय. सोसायटीने पत्र दिलं, ऑनलाइन तक्रार केली, ती "निकाली काढण्यात आली" असा मेसेज आला. कॅफे चालू आहे. पार्किंगची गाडी रात्री एक वाजता हसत नाही, एवढंच माझं म्हणणं.

गिरगावचा_पण_डोंबिवलीत:
मुंबईहून दोन पैसे. आमच्याकडे मॅजेस्टिक थिएटर होतं, १९३१ ला आलम आरा, आपला पहिला बोलपट, तिथेच लागला. ते पडलं आणि जागेवर मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आलं. दुकानं आली, पण म्हणून लोक तिथे दोन घटका बसायला लागले का? नाही. दुकानात तुम्ही गिऱ्हाईक असता हो, घेतलं की निघायचं. आमच्या चाळीत माणसं भेटायची ती कॉमन गॅलरीत आणि मधल्या चौकात, फुकट, काही विकत न घेता. केशवजी नाईक चाळीतला गणपती १८९३ पासूनचा, तो चाळीत बसतो, दुकानात नाही. आता टॉवर होतात त्यात खाली शोरूम, वर पाच मजले पोडियम पार्किंग, त्याच्या वर माणसं. विसाव्या मजल्यावरचे काका लिफ्टने थेट गाडीतच उतरतात. तेव्हा गाळे हवेत का नकोत हा प्रश्नच मला थोडा चुकलेला वाटतो, बसायला जागा ठेवलीये का ते प्लॅनमध्ये बघा.

सायकल_पंक्चर:
+१. आणि ठेवली तरी त्यावर लोखंडी खिळे मारतात, कुणी बसू नये म्हणून.

नवी_चाळ_तोक्यो:
इथे जपानमध्ये सगळ्यात कडक रेसिडेन्शियल झोनमध्येसुद्धा घराच्याच भागात छोटं दुकान चालतं, मर्यादा ५० चौरस मीटर आणि घराच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे गल्लीत सलून, बेकरी असतंच पण साखळी कॅफे मावतच नाही. दुसरं म्हणजे गाडी नावावर करायला आधी पार्किंगची जागा असल्याचा दाखला लागतो, रस्त्यावर रात्रभर उभी केलेली चालत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना ५० चौरस मीटरचा नियम आवडेल असं वाटतं.

तिसरा_मजला:
पुण्याच्या धाग्यावर जपान यायला इतका उशीर झाला म्हणजे कमालच. नियम आवडला. पाळणारी माणसं पण पाठवा.

हिशोबी:
भावना बाजूला ठेवून हिशोब सांगतो. एक गाळा म्हणजे साधारण दोन गाड्या. चार गाळे, आठ गाड्या. त्या आठ गाड्या जाणार कुठे? बोळातच लागणार, आणि मग अँब्युलन्स येत नाही म्हणून हेच लोक ओरडणार. मंडईला मेट्रो आली सप्टेंबर २०२४ मध्ये, मान्य, मी पण जातो. पण किती जणांनी त्यानंतर गाडी विकली? लक्ष्मी रोड ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून गाड्यांना बंद करतात, सगळे फोटो काढतात, १२ ला परत हॉर्न. ज्याने आयुष्यभराची पुंजी घालून फ्लॅट घेतला त्याला "तुमच्या गाडीच्या जागी लोक गप्पा मारतील" हे सांगायला पारावरचा यांनी स्वतः जावं.

पारावरचा:
मला गाडी नाही, म्हणून माझं ऐकत नाहीत, हेही खरंय. पण तुमचाच हिशोब पुढे न्या. नव्या बिल्डिंगमध्ये दूध, इस्त्री, औषध घ्यायला पण गाडी काढावी लागली तर बोळात गाड्या वाढतील का कमी होतील?

गिरणीवाली_गल्ली:
इतके प्रतिसाद झाले आणि कट्टा म्हणजे अमृततुल्य, मंडई विद्यापीठ (मंडईतला गप्पांचा अड्डा) आणि पेपर वाचणारे काका. त्या कट्ट्यावर गेल्या तीस वर्षांत मी एकदाही उभी राहिलेली नाही, आणि कुणी या म्हटलंही नाही. आमचा कट्टा पिठाच्या गिरणीत होता. डबा लावायचा आणि अर्धा तास थांबायचं, तेवढ्यात कुठल्या बाईंकडे पोळ्यांना माणूस हवंय, कुणाच्या मुलीचं कुठे अडलंय सगळं समजायचं, मला माझी पहिली शिकवणी तिथेच मिळाली. तो वाडा पडला आणि नव्या बिल्डिंगमध्ये गिरणीला गाळा द्यायला एकही मेंबर तयार झाला नाही. आवाज येतो, पीठ उडतं, मशीन हादरतं. तिथे आता मोबाईल कव्हरचं दुकान आहे, मिक्स्ड युज झालाच की. तुमच्या चार गाळ्यांत गिरणी बसते का पारावरचा, का फक्त चहा?

पारावरचा:
खरं सांगतो, डोक्यातच आलं नव्हतं. प्लॅनवाल्याला विचारतो, पण थ्री फेज कनेक्शन म्हटलं की तो काय बोलेल ते आत्ताच ऐकू येतंय.

हिशोबी:
बघा. एका गिरणीची पण परवानगी घरातून मिळेना.

पारावरचा (अपडेट, रविवारची मीटिंग झाल्यावर):
चारचे दोन गाळे झाले. बाकी पार्किंग. गिरणीला आठ विरुद्ध तीन मतं, नको. पायरी मात्र ठेवलीये, दोन फूट रुंद, आर्किटेक्ट म्हणाला सेटबॅकमध्ये (रस्त्याकडे मोकळी सोडायची जागा) बांधकाम दिसेल, मी म्हटलं जोतं म्हण.

खरी गंमत नंतर. अमृततुल्यवाले आपले जुने भाडेकरू, त्यांना एक गाळा मिळणारच आहे, म्हणून मी आनंदाने सांगायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "मालकीचा मिळाला की विकणार. मेंटेनन्स, टॅक्स, आणि आठवणीने येणारे दहा जण अर्धा कप घेऊन दोन तास उभे. पोराला यात यायचं नाही, मी पण दमलो." घ्यायला कोण येतंय विचारलं तर म्हणाले एक कॅफेवाला.

तिसरा_मजला:
एक्झॉस्ट कुठल्या डक्टमध्ये ते आत्ताच विचारून घ्या.