मदत हवी आहे: सगळ्यात कडक माल असूनही न्यूट्रॉन तारा का खचतो?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. शिक्षण आयटीआय टर्नर. मुलगी अकरावी सायन्सला आहे. आठ दिवस झाले, रात्री जेवणं आवरली की ती वही घेऊन बसते आणि आमचं कृष्णविवरांवर बोलणं सुरू होतं. आता एका ठिकाणी दोघंही अडलोय.

जे कळलंय ते आधी लिहितो. त्यात चूक असेल तर तिथंच धरा. मोठ्या ताऱ्यातलं इंधन संपलं की गाभा स्वतःच्या भारानं खचतो, इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये कोंबले जाऊन न्यूट्रॉन होतात. उरतो तो सूर्याच्या साधारण १.४ पट वस्तुमानाचा, पण जेमतेम १२ किलोमीटर त्रिज्येचा गोळा, म्हणजे न्यूट्रॉन तारा. इथून पन्हाळ्याच्या थोडं पुढं जावं, एवढा त्याचा व्यास. मला वाटायचं, माल तेवढाच आहे तर ओढ कुठून वाढली? पोरीनं न्यूटनचं सूत्र मांडून दाखवलं. माल तेवढाच, पण आपण केंद्राच्या फार जवळ जाऊन उभे राहतो, आणि अंतर निम्मं झालं की ओढ चौपट. तिच्या वहीत उत्तर आलंय पृथ्वीच्या सुमारे १३,००० कोटी पट. तीनदा तपासलं, प्रत्येक शून्याखाली पेन्सिलीनं टिंब दिलंय. लांबून मात्र काही फरक पडत नाही. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तरी पृथ्वी आपल्या कक्षेत फिरतच राहील. हे मला फार आवडलं, कारण कृष्णविवर आजूबाजूचं सगळं ओढून गिळतं असंच मी आजवर समजत होतो.

हाच गोळा ४ किलोमीटर त्रिज्येत बसवला तर प्रकाशही सुटत नाही, तेच कृष्णविवर. म्हणजे १२ वरून फक्त ४ वर यायचंय.

अडचण इथून पुढं आहे. श्वेतबटू ताऱ्यांची (इलेक्ट्रॉनच्या रेट्यावर तग धरणारे विझलेले तारे) वस्तुमानाची मर्यादा शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी विशीच्या आतच काढली होती, ती समजली. इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोचले की त्यांचा रेटा पुरा पडत नाही. पण न्यूट्रॉन ताऱ्यालाही मर्यादा आहे, दोन सूर्यांच्या थोडी वर, त्यापुढं तो खचून कृष्णविवर होतो. मी रोज हायड्रॉलिक प्रेसवर बुश बसवतो. हँडल मारलं की गेजचा काटा चढतो, आणि जॉब जितका दाबावा तितका उलटा रेटतो. माल दाबणाऱ्याच्या बाजूनं कधी होत नाही. मग भार वाढला तर न्यूट्रॉनचा रेटाही वाढायला हवा ना? मग तो का हरतो? आणि न्यूट्रॉन आणखी कडक असते तर कृष्णविवर झालंच नसतं का?

जयंत नारळीकर सरांचा जन्म आमच्या कोल्हापूरचा. त्यांच्या गावातल्या पोरीला 'पुढच्या वर्गात कळेल' असं सांगायला माझं मन होत नाही. सूत्रं चालतील, पण कारण शब्दांत सांगा.

प्रतिसाद

दादा, नेमक्या जागी अडलाय तुम्ही. न्यूटनच्या हिशेबात फक्त वस्तुमान ओढतं. आइन्स्टाइनच्या हिशेबात दाबही ओढतो. घनतेत दाबाची तिप्पट भागिले प्रकाशवेगाचा वर्ग, एवढी भर पडते. तुमच्या गेजवर चौरस सेंटिमीटरला २०० किलोचा दाब धरला तर ही भर एका घनमीटरमागे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी येते. तेवढंच लोखंड भरतं ७,८०० किलो, त्यामुळं शॉपमध्ये ती कधीच कळणार नाही. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात मात्र ती मूळ घनतेच्या तोडीची होते. तारा सावरायला दाब वाढवतो, त्या दाबाचाच भार पुन्हा त्याच्या अंगावर येतो, तो पेलायला आणखी दाब लागतो. १९३९ मध्ये ओपेनहायमर आणि व्होल्कॉफ यांनी हाच हिशेब मांडला.

आता कडक मालाचं. अजिबात न दबणारा माल धरला तरी सुटका नाही. श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्येच दाखवलं की अशा गोळ्याची त्रिज्या कृष्णविवराच्या त्रिज्येच्या ९/८ पटीवर आली की केंद्रातला दाब अनंत होतो. केंद्राकडून बाहेर घनता वाढत जात नसेल तर माल कुठलाही असो, हीच हद्द लागते, हे १९५९ मध्ये बुखडाल यांनी सिद्ध केलं. तुमच्या १.४ सूर्यांसाठी ती साधारण ४.६५ किलोमीटर. त्याच्या आत तग धरेल असा स्थिर गोळाच नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. माल कुठंतरी कमी पडतो असं मी धरून चाललो होतो. त्याचा रेटाच त्याच्यावर भार होऊन बसतो हे सुचलंच नव्हतं. दुपारी पोरीला शॉपवर बोलावलं, काटा २०० वर नेऊन धरला, आणि तिनं तिथंच टूलबॉक्सवर वही ठेवून तुमचं गणित करून पाहिलं. जुळलं. एक राहिलं, ती तिप्पट कुठून आली? तिचा अंदाज आहे की लांबी, रुंदी, उंची अशा तीन दिशा, म्हणून तीन. बरोबर आहे का?

प्रतिसाद

बरोबर आहे. तिन्ही दिशांचा दाब वेगळा मोजून बेरीज करतात. ताऱ्याच्या आत तो सगळीकडून सारखा असतो, म्हणून तिप्पट.