गुराख्यानं यमक जुळवलं तर तुमचं काय जातं?

खाणवाला (धागाकर्ता)

परवा ‘मुक्तछंदी’ यांनी इथेच पोस्ट टाकली. म्हणे, अमेरिकेतली काउबॉय कविता म्हणजे हॅट घातलेल्या म्हाताऱ्यांची यमकं, वाढदिवसाच्या कार्डावर शोभतील अशी. खरी गुराख्यांची कविता ऐकायची तर इटलीत मारेम्माला जा, तिथले घोडेस्वार गुराखी, बुत्तेरी, अजून घोड्यावर बसून उत्स्फूर्त काव्य करतात. खाली सत्तावीस जणांचं ‘अगदी अगदी’. मी चार ओळींचा प्रतिसाद लिहायला बसलो, तो चारात मावेना.

मी बारा वर्षं एल्कोत आहे, नेवाडात. सोन्याच्या खाणीत नोकरी. गाव वीसेक हजारांचं. १९८५ पासून जानेवारीच्या शेवटी इथे काउबॉय कवींचा मेळावा भरतो. ही तारीख साहित्यिकांनी काढलेली नाही, गुरांनी काढलीय. गवत बर्फाखाली, वासरांना डाग द्यायचा हंगाम लांब, गायी व्यायला अजून अवकाश. रँचवरच्या माणसाला चार दिवस घर सोडता येतं ते तेव्हाच.

पहिल्या वर्षी फुकट पास मिळाला म्हणून गेलो. स्टेजवर सत्तरीचा गडी, उजव्या हाताला अंगठा नाही. (फास पडला की दोर खोगिराच्या खुंटीला झटक्यात गुंडाळायचा असतो. त्या घाईत अंगठा मध्ये सापडला आणि पलीकडे बैल ओढतोय, की संपलं. इकडे असे हात बरेच दिसतात.) हातात कागद नाही. म्हातारा घोडा विकायचा की नाही, एवढीच कविता. मध्येच ओळ विसरला. डोळे मिटून थांबला. तिसऱ्या रांगेतून एका बाईने ती ओळ हळूच पुरवली आणि गडी काही झालंच नाही असा पुढे निघाला. माझ्या आजीच्या भजनी मंडळात अस्संच व्हायचं.

टेक्सासातून कॅन्ससकडे कळप हाकत न्यायचे त्या काळात रात्रीच्या पहाऱ्याला दोघे स्वार कळपाभोवती उलटसुलट दिशेने फिरत आणि गात राहत, जनावरं बुजू नयेत म्हणून. तिथे मुक्तछंद काय कामाचा? वृत्त होतं म्हणून तोंडात राहिलं. ब्रूस किस्कॅडन हा काउबॉय कवितेतला मोठा कवी. गुरं सोडल्यावर लॉस एंजेलिसच्या हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलायचा. त्याच्या कविता गुरांच्या बाजाराच्या कॅलेंडरवर छापून आल्या. कालनिर्णयच्या मागच्या पानावर नामवंतांनी लिहिलेलं आपल्याला चालतं, मग हे का नको?

मुक्तछंदी

अंगठा गेल्याबद्दल सहानुभूती. पण अंगठा गेला म्हणून कविता चांगली होत नाही.

मी यमकाला नाही, साच्याला हसलो. घोडा मेला, आजोबा गेले, काटेरी तार आली, सूर्य मावळला. १८७४ ला ग्लिडनने तारेचं पेटंट घेतलं तेव्हापासून हे लोक तारेवर रडताहेत, आणि ती तार ठोकतं कोण? हेच! दीडशे वर्षं एकच मर्तिक.

सवयीने सांगतो. गेल्या वर्षी एका तालुक्याच्या कविसंमेलनात परीक्षक होतो. साडेतीन तास. एकोणीस ‘आई’, अकरा ‘पाऊस’, सगळ्यांचं यमक ‘माया–छाया’. चहासुद्धा थंड. तेव्हापासून कोणी ‘लोकांची कविता’ म्हटलं की माझं डोकं दुखायला लागतं.

पेन्शनर_पुणे

मुक्तछंदीसाहेब, त्या संमेलनाचं मानधन मिळालं का? मला दोन वर्षांपूर्वीचं अजून नाही.

मारेम्माकरीण

मी नऊ वर्षं मारेम्मातल्या ग्रोसेतोजवळ राहते, सासर इथलंच. दोघांनाही सांगते: तुमचं भांडण छान आहे, पण बुत्तेरो कविता करत नाही हो! निदान मला तरी एकही भेटला नाही. बुत्तेरो म्हणजे मारेम्मातला घोडेस्वार गुराखी. हातात लाकडी काठी, तिला मात्सारेल्ला म्हणतात. तिने फाटक उघडायचं, जनावर वळवायचं. खोगिराला खाणवाल्यांच्या लोकांसारखी खुंटी नसते, त्यामुळे इथे सगळ्यांचे अंगठे शाबूत आहेत.

कविता करायचे ते मेंढपाळ, कोळसे पाडणारे, खाणकामगार. तिला ओत्तावा रिमा म्हणतात. आठ ओळी, प्रत्येकीत अकरा अक्षरं. पहिल्या सहा ओळींत दोन यमकं आलटून पालटून, शेवटच्या दोन जोडीने. दोघे समोरासमोर उभे राहतात, विषय लोक देतात. एकाने ज्या यमकावर सोडलं, दुसऱ्याने तेच धरून सुरू करायचं. म्हणजे घरून पाठ करून येण्याची सोयच नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या मेंढपाळांना आरियोस्तो आणि तासो हे जुने इटालियन महाकवी पानंच्या पानं पाठ असायचे. दर वर्षी रिबोल्लात मेळावा होतो. कोळशाच्या खाणीचं गाव. १९५४ च्या स्फोटात ४३ माणसं गेली तेच.

आमच्या गावच्या बारमध्ये एकदा विषय निघाला, ट्रॅक्टर की बैल. ट्रॅक्टरची बाजू आली ऐंशी वर्षांच्या मेंढपाळाकडे. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा कानामागे, घसा खाकरून त्याने लावलं: माझा ट्रॅक्टर रविवारी खात नाही, लाथ मारत नाही. समोरच्याने ते यमक उचललं आणि विचारलं, तुझा ट्रॅक्टर मेल्यावर त्याचं सूप होतं का? बार कोसळला. मी तेव्हा इटालियन शिकत होते, मला दुसऱ्या दिवशी हसू आलं.

ढोलकी

हा तर आपला कलगी-तुरा! सवाल-जवाब!

मुक्तछंदी

आलं. आता विमानही आपल्याकडे होतंच म्हणा.

गुरांचा_डॉक्टर

मी सांगोल्याकडचा, निवृत्त पशुवैद्य. कवितेतलं कळत नाही. पण त्या मारेम्माच्या गुरांचा फोटो पाहिला आणि खिलारच वाटली. राखाडी अंग, ही लांब शिंगं वर गेलेली. अशा जनावराला दलदलीत मोकळं सोडून सांभाळणारा माणूस काठीवर काम भागवतो म्हणजे तो मोठा जाणकार. आमच्याकडे खिलार बैलाला सुई टोचायची तर चौघं लागायची, त्यातला एक मी, आणि लाथ नेमकी मलाच.

जुनी_वर्तमानपत्रे

बुत्तेरी आणि काउबॉय यांचा सामना झालाय आणि तो इटालियनांनी जिंकलाय, हे इथे कोणाला माहीत नाही का? मार्च १८९०, रोम. अमेरिकेचा बफेलो बिल आपला काउबॉयांचा खेळ, वाइल्ड वेस्ट शो, घेऊन आला होता. रोमजवळच्या चिस्तेर्नाच्या बाजूचे ड्यूक कायेतानी यांचे रानटी घोडे आणि बुत्तेरी, दोन्ही मैदानात; घोडा कोण बसवतो यावर शर्त. ऑगुस्तो इम्पेरियाली नावाच्या बुत्तेरोने घोडा वठणीवर आणला. बफेलो बिलने शर्तीचे पैसे न देता तंबू गुंडाळले असं इटलीत सांगतात.

खाणवाला

थांबा. आधी कायेतानींचे घोडे काउबॉयांनी बसवले, तेही काही मिनिटांत. हे तेव्हाच्या अमेरिकन वर्तमानपत्रात आहे. ते सोयीस्कर विसरलात.

जुनी_वर्तमानपत्रे

अमेरिकन वर्तमानपत्र अमेरिकनांना हरवेल होय! आणि काउबॉयांनी बसवले म्हणजे काय केलं? दोघा-चौघांनी दोर टाकून आडवा केला. बुत्तेरो एकटा चढतो.

मारेम्माकरीण

एकटा नाही हो, बुत्तेरीसुद्धा मिळूनच करतात. पण पैसे दिले नाहीत असं इथे सगळेच सांगतात. सासऱ्यांना हे काल झाल्यासारखं आठवतं. जन्म १९४१ चा.

खाणवाला

सासऱ्यांच्या साक्षीवर निकाल लागणार असेल तर माझा शेजारी म्हणतो की बिल जिंकला. त्याचा जन्म १९५० चा, म्हणजे सासरे ज्येष्ठ. मान्य.

गुरांचा_डॉक्टर

घोडा पाच मिनिटांत ‘बसला’ म्हणणारे दोन्हीकडचे खोटं बोलताहेत. पाच मिनिटांत घोडा दमतो, शिकत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच घोड्यावर कोण बसलं ते छापलंय का? तेवढं सांगा.

जुनी_वर्तमानपत्रे

डॉक्टर, तुम्ही इतिहासाचा विषय गोठ्यात नेऊ नका.

गुरांचा_डॉक्टर

तो तिथलाच आहे. तुम्ही बाहेर नेलात.

पेन्शनर_पुणे

दोन दिवस झाले, कवितेवर एक शब्द नाही. मजा येतेय, चालू द्या.

बांधावरची

मी एवढा वेळ गप्प होते. बफेलो बिलने पैसे बुडवल्याचं सगळ्यांना दुःख आहे. त्याच चिस्तेर्नाच्या परिसरात, आग्रो पोंतिनोत, जिथे एके काळी बुत्तेरी गुरं राखायचे तिथे आज भाजीचे ग्रीनहाउस आहेत आणि त्यात पंजाबी मजूर राबतात. जून २०२४ मध्ये लातिना भागात सतनाम सिंग या शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. मालकाने दवाखान्यात नेलं नाही. घराजवळ टाकून गेला, तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये. तो वारला. तिकडे उत्तरेत चीजसाठी ज्या गायी पाळतात त्यांच्या गोठ्यांत किती शीख आहेत ते नोवेल्लाराच्या गुरुद्वारात जाऊन बघा. आजचे गुराखी ते आहेत. त्यांची ओत्तावा रिमा कोण ऐकतंय?

अमेरिकेतही तेच. काउबॉय हा शब्द गोरा कधी झाला? रोदेओ, लारियट, बकारू सगळे व्हाकेरोंचे, म्हणजे मेक्सिकन गुराख्यांचे शब्द. काळे काउबॉय किती होते! स्टेजवर मात्र गोरी हॅट.

खाणवाला

ताई, सतनाम सिंगची बातमी वाचून मलाही झोप आली नव्हती. पण प्रत्येक धाग्यावर अपराधीपणाची पावती फाडायलाच हवी का? मी कवितेबद्दल लिहिलं. एल्कोत व्हाकेरो परंपरेचे लोक येतात, मारेम्मातून बुत्तेरीही पाहुणे येऊन गेलेत. आम्हाला डोळे आहेत.

बांधावरची

आहेत ना? मग नेवाडात मेंढ्या कोण राखतं ते सांगा. की मेंढ्या काउबॉयच्या नजरेत येत नाहीत?

मुक्तछंदी

मीही भर घालतो. नेवाडाची ८० टक्के जमीन केंद्र सरकारची. त्यावर चराईचा दर २०१९ ते २०२५ गाय-वासराच्या जोडीला महिन्याला १.३५ डॉलर. एवढ्यात तिकडे कॉफीही येत नाही. आणि कविता सगळी ‘सरकारने आमचं स्वातंत्र्य हिरावलं’ याची! २०११ मध्ये तुमच्याच नेवाडाचे सिनेटर हॅरी रीड सरकारी अनुदानाच्या कपातीविरुद्ध बोलताना या मेळाव्याचं नाव घेऊन बसले आणि देशभर हसं झालं. सरकारी गवत, सरकारी अनुदान, वर स्वाभिमान.

खाणवाला

चराईचं खरं आहे. स्वस्त आहे. इथल्या बारमध्ये हे बोलू नका एवढंच. पण रीड यांना जे हसले त्यांनी मराठी साहित्य संमेलनाला सरकार किती देतं तेही बघावं. आपण नाही हसत.

मेंढ्यांचं विचारलंत. काल रात्री उत्तर लिहून खोडलं, आता परत लिहितो. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात उत्तरेकडे चाळीस मैलांवर गाडीचा टायर गेला. मोबाइलला रेंज नाही. माळावर एक पांढरी घरगाडी उभी, बाहेर दोन कुत्री. आतून माणूस आला, पेरूचा. जॅक त्याने लावला, मी टॉर्च धरला. त्याला इंग्रजी येईना, मला स्पॅनिश. चहा दिला, साखर फार. बोटांवर मोजून सांगितलं की तो तिथे चौदा महिने आहे. नंतर कळलं की या मेंढपाळांना नेवाडात २०१५ पर्यंत महिन्याला साडेसातशेच्या आसपास डॉलर मिळायचे, चोवीस तास कळपाबरोबर. तो रात्री काय म्हणत असेल, गात असेल का, मी विचारलंच नाही. विचारायची भाषा नव्हती हे खरं, पण सुचलंही नाही हेही खरं. झालं समाधान?

बांधावरची

समाधानासाठी नव्हतं विचारलं. पण लिहिलंत ते बरं केलंत.

ढोलकी

धाग्याचं नाव ‘गुराख्यानं’ आहे आणि अख्ख्या धाग्यात गाय शेवटी जाते कुठे हे कोणी विचारलं नाही. कवितेत येतं का ते?

खाणवाला

फारसं नाही. घोड्याचं मरण येतं, कुत्र्याचं येतं. गायीचं ट्रकमध्ये चढण्यापर्यंत येतं, पुढे नाही.

गुरांचा_डॉक्टर

आमच्याकडेही नाही. बाजारात बैल विकला की पुढचं विचारायचं नसतं. एकदा एकाने बैल दिला, पैसे मोजून घेतले आणि कासरा सोडून खांद्यावर टाकला. गिऱ्हाईक म्हणालं, कासरा दे की. तो म्हणाला, बैल विकलाय, कासरा नाही. एसटीत माझ्या शेजारीच बसला होता, सांगोल्यापर्यंत कासऱ्याला गाठी मारत आणि सोडत. मुक्तछंदी, याला यमक नाही. बसतंय का तुमच्यात?

मुक्तछंदी

बसतंय. तुम्ही दोन ओळींत सांगितलं असतं तर जास्त बसलं असतं.

(आणि हो, बुत्तेरी काव्य करतात हे मी एका प्रवासवर्णनात वाचलं होतं. लेखकाने दोन वेगळ्या संध्याकाळी एकत्र केल्या असाव्यात. मारेम्माकरीण यांचं बरोबर. एल्कोबद्दलचं माझं मत तेच आहे.)

खाणवाला

एल्कोला न येता. छान.

मारेम्माकरीण

सासऱ्यांना हा धागा वाचून दाखवला, भाषांतर करत. त्यांचा एकच प्रश्न: एल्कोवाला माणूस बफेलो बिलच्या कोणा वारसाला ओळखतो का? शर्तीचे पैसे अजून घ्यायला तयार आहेत म्हणे, चिस्तेर्नाला पोचते करतील.

खाणवाला

विचारून बघतो. पण १८९० पासूनचं व्याज मागितलं तर मी मध्ये पडणार नाही.