जुन्या स्प्लेंडरचा फ्यूज सारखा उडतोय, नाशकात वायरिंगचा खात्रीचा माणूस कुठे मिळेल?

सातपूरकर_एमएच१५
नमस्कार मंडळी. गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, २००१ चं मॉडेल, वडिलांची. इंजिन अजून एका किकमध्ये चालू होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. रड आहे ती लाइटची.

मधूनच फ्यूज उडतो. उडाला की हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट, न्यूट्रलचा दिवा सगळं गप्प. हेडलाइट मात्र चालू राहते आणि गाडीही बंद पडत नाही, हे मला कोडंच आहे. त्र्यंबक रोडला सरळ चालवली तर काही होत नाही. कॉलनीत वळताना किंवा गाडी पार्किंगमध्ये फिरवून लावताना जातो. दुसरं म्हणजे हेडलाइटचा बल्ब टिकत नाही. नवा टाकला की हायवेला एखादी चक्कर होते आणि गेला.

घराजवळच्या मेकॅनिकने गाडीकडे नुसतं बघून सांगितलं, "वायरिंग पूर्ण बदलावी लागेल." पैसे द्यायला हरकत नाही, पण नेमकं काय बिघडलंय ते कळल्याशिवाय द्यायचे नाहीत. आरसी पुन्हा रिन्यू करायची वेळ जवळ आलीये, पेठ रोडला आरटीओत गाडी न्यायची तर हॉर्न-इंडिकेटर धड हवेत. कोणाकडे जाऊ? आणि त्याआधी घरी काही बघता येईल का? मल्टिमीटर आहे, साधा पिवळावाला.

सिडको_बॉय
फ्यूज मोठा टाका भाऊ. १५ चा टाकला की विषय संपला. आमच्याकडे तर सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दोन वर्षं चालवली.

तारजोड्या
सिडको_बॉय, दोन वर्षं चालली ते नशीब समजा. फ्यूज वायर वाचवायला असतो. तो मोठा केला की शॉर्ट तसाच राहतो, फक्त फ्यूजऐवजी वायर तापते. आणि ती वायर जाते पेट्रोलच्या टाकीखालून. सातपूरकर, फ्यूज होल्डरजवळ मूळ जितक्या अँपिअरचा लिहिलाय तितकाच टाका, अर्धा अँपिअरही वर नको.

तुमचं कोडं आधी सोडवू. या गाड्यांत दोन वेगळे संसार आहेत. बॅटरीवर चालतं ते हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि न्यूट्रल. हेडलाइट, टेल लाइट आणि मीटरचा दिवा मात्र थेट मॅग्नेटच्या (इंजिन फिरलं की वीज बनवतं ते) कॉइलवर, एसीवर. सीडीआयलाही (प्लगला ठिणगी देणारा डबा) करंट मॅग्नेटमधल्या वेगळ्या कॉइलवरून येतो, म्हणून बॅटरी काढून ठेवली तरी ही गाडी किकवर चालू होते. फ्यूज फक्त बॅटरीच्या संसाराचा. म्हणजे तुमचे दोष दोन आहेत आणि दोन वेगळ्या ठिकाणी आहेत. "पूर्ण वायरिंग बदला" म्हणणाऱ्याने हे एवढं तरी सांगायला हवं होतं.

आता फ्यूज. दर वेळी नवा फ्यूज टाकून शोधत बसलात तर डबाभर फ्यूज जातील. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरसकट, दोन वायरी सोडलेला. फ्यूज काढून त्याच्या जागी हा बल्ब जोडा. चावी ऑन करा, ब्रेक-हॉर्न-इंडिकेटर काही दाबू नका, गाडी न्यूट्रलला. काही शॉर्ट नसेल तर बल्ब पेटणार नाही किंवा न्यूट्रलच्या दिव्यापुरता अगदी मंद लाल होईल. शॉर्ट असला की हाच बल्ब भक्कन पूर्ण पेटेल. बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जातच नाही, म्हणून काही जळत नाही आणि तुम्ही निवांत शोधू शकता.

बल्ब लावून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. वळताना जातो म्हणताय, तर माझी पैज हँडलच्या मानेवर. तिथे वायरींचा जुडगा फ्रेमला घासून हेडलाइटच्या घरात शिरतो आणि वर्षानुवर्षं वाकून-वाकून प्लास्टिक झिजतं. हँडल ज्या कोनात असताना बल्ब पेटेल तिथेच धरून ठेवा आणि हेडलाइटच्या आतले कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे प्लग) एकेक करून सुटे करा. जो काढल्यावर बल्ब विझला, चोर त्या फांदीवर. मग त्या एका वायरीच्या मागे लागायचं.

रंग लक्षात ठेवा. लाल म्हणजे बॅटरीचा प्लस, काळी म्हणजे चावीनंतरचा प्लस, हिरवी अर्थ. नारिंगी डावा इंडिकेटर, फिकी निळी उजवा. काळ्यावर पांढरी पट्टी असलेली वायर मात्र जपून: ती चावीकडून सीडीआयला गाडी बंद करायचा निरोप नेते. ती फ्रेमला लागली की चालती गाडी खटकन बंद पडेल. तुमची पडत नाही, म्हणजे ती शाबूत आहे.

दिंडोरी_बागाईत
तारजोड्या काका म्हणतात ते बरोबर, पण कपलर सुटे केल्यावर आत नीट बघा. आमची गाडी बागेत फिरणारी, पंप-ड्रम मागे बांधून. मोरचूद आणि चुन्याचा फवारा उडून उडून सीटखालच्या कपलरमध्ये निळसर-हिरवी बुरशी धरली होती. बाहेरून कपलर नवाकोरा दिसतो, पिना मात्र खाऊन गेलेल्या. शहरातली गाडी असेल तर बुरशी पावसाच्या पाण्याची, आणि उंदीर आहेतच. बंगल्याखाली गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की सीटखाली घर करतात.

सातपूरकर_एमएच१५
तारजोड्या काका, हे बल्बचं आज संध्याकाळीच करून बघतो. हेडलाइटचा बल्ब का जातो त्याबद्दल पण सांगा ना.

तारजोड्या
ते रेग्युलेटर. चार पिनांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्याला पांढरी, पिवळी, लाल आणि हिरवी वायर. पांढरी चार्जिंगची, पिवळी लाइटची. मॅग्नेट जितकं जोरात फिरेल तितके व्होल्ट वाढतात, आणि हा ठोकळा जास्तीचं खाऊन लाइटला सांभाळतो. त्याच्या कपलरमधली पिवळी किंवा हिरवी पिन सैल झाली, तर हेडलाइटवर कोणाचा धाक उरत नाही. गावात बल्ब ठीक, हायवेला गाडी ताणली की उडाला.

मीटर एसीवर लावा, एक टोक पिवळ्या वायरीला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. हेडलाइट लावून रेस वाढवा. साधारण १३-१४ ला येऊन अडकलं पाहिजे. रेसबरोबर १६, १८ असं चढतच गेलं तर दोष तिथेच. ठोकळा लगेच फेकू नका. आधी कपलर काढून पिना घासा, त्यांच्या पाकळ्या बारीक पकडीने जरा आवळा, मग परत मोजा. बऱ्याच वेळा तेवढ्यावर भागतं. आणि हे ओरिजिनल ठोकळे लोक भंगारात टाकतात आणि त्याजागी जे स्वस्तातलं बसवतात, ते बघून जीव तुटतो.

मीटर डीसीवर घेऊन बॅटरीही तपासून टाका. गाडी बंद असताना साडेबाराच्या वर, थोडी रेस दिल्यावर १४ ते साडेचौदा. पंधराच्या पुढे गेलं तर बॅटरीही उकळेल.

गॅरेजवाला_पंचवटी
आमच्या धंद्याला शिव्या घालताय म्हणून लिहितो. तारजोड्यांचं शास्त्र पक्कं आहे, पण २० वर्षांच्या गाडीत एक वायर जोडली की महिन्याने दुसरी जाते आणि गिऱ्हाईक आमच्याच नावाने ओरडतं. म्हणून आम्ही हार्नेस (गाडीतल्या वायरींचा अख्खा जुडगा) बदलायला सांगतो. त्यात लूट नाही, कटकट टाळायची असते.

तारजोड्या
पटलं, अर्धं. प्लास्टिक जर बोटाने वाकवल्यावर बिस्किटासारखं तुटत असेल, किंवा आतला तांबा काळा पडला असेल, तर बदलाच, मीही बदलतो. पण ते टेप सोडून बघितल्यावर. नुसतं गाडीकडे बघून नाही. शिवाय नवा हार्नेस टाकला आणि तो घासणारा पत्रा तसाच ठेवला, तर नवाही तिथेच घासणार. आणि बाजारात मिळणाऱ्या नकली हार्नेसमधली तार जुन्यापेक्षा बारीक असते, हे पंचवटीकर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

गॅरेजवाला_पंचवटी
तारेचं खरं आहे. घ्यायचाच तर कंपनीचा घ्या, नाहीतर जुनाच दुरुस्त करा.

मेरीवाली_आरएक्स
माणूस कुठे मिळेल ते कोणीच सांगेना! सातपूरकर, नाव-नंबर इथे उघड टाकत नाही, पण दिशा सांगते. टू-व्हीलर मेकॅनिकपेक्षा ऑटो इलेक्ट्रिशियन बघा, म्हणजे ट्रक-टेम्पोची वायरिंग करणारा. आडगावच्या ट्रक टर्मिनलच्या बाजूला, अंबड एमआयडीसीच्या आसपास असे लोक बसतात. मोटरसायकल घ्यायला कुरकुर करतात, दुपारची गर्दी टाळून गेलात तर घेतात. ओळखायचा कसा? गाडी लावल्यावर आधी मीटर किंवा टेस्ट लॅम्प काढतो की पक्कड, ते बघा. पक्कड आधी निघाली तर पाणी प्या आणि घरी या. जोड कसा देतो तेही विचारा: वायर पिळून वरून टेप की सोल्डर करून स्लीव्ह. टेपचा गोंद उन्हाळ्यात वितळतो, पावसाळ्यात सुटतो.

सिडको_बॉय
चांदी काढली आज. 🙏 बघतो तर होल्डरचं प्लास्टिकच वितळून वाकडं झालंय.

सातपूरकर_एमएच१५
अपडेट. बल्ब लावला, चावी ऑन, हँडल सरळ: काही नाही. हँडल पूर्ण डावीकडे नेलं आणि अंगणात उजेड पडला! आई बाहेर आली बघायला. तसंच धरून ठेवलं, भाऊ हेडलाइट उघडून कपलर काढत गेला. डाव्या स्विचचा काढला, बल्ब पेटलेलाच. चावीच्या कपलरला विझला. टाकी काढून बघितलं तर चावीकडे जाणारी काळी वायर मानेवरच्या पत्र्याच्या क्लिपखाली चेपलेली, नखाएवढा तांबा उघडा. क्लिपच्या कडेवर तांब्याची चकाकी पण दिसत होती. बाकी जुडग्याचं प्लास्टिक मऊ आहे, तांबा लाल आहे. म्हणजे हार्नेस वाचला ना?

पिवळ्या वायरीवर मोजलं, रेस केल्यावर १७ च्या पुढे जातंय. रेग्युलेटरचा कपलर काढला, हिरव्या पिनेवर दिंडोरीकर म्हणतात तशी बुरशी.

तारजोड्या
वाचला. उघडा भाग पेट्रोलने पुसून सोल्डरची गरज आहे का बघा. दोन-चार धागेच तुटले असतील तर नुसती हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) पुरे, पण ती चढवायला वायर कपलरमधून पिनेसकट बाहेर काढावी लागेल, बारीक सुईने पिनेची जीभ दाबून. जास्त धागे गेले असतील तर तेवढा तुकडा त्याच जाडीच्या वायरीने बदला. क्लिपला रबरी नळीचा तुकडा कापून बसवा आणि जुडगा असा बांधा की हँडल दोन्ही टोकांना गेलं तरी वायर ताणली जाणार नाही. बांधताना हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवूनच बांधायचं.

हिरव्या पिनेची बुरशी कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने काढा, पिन फारच खाल्ली असेल तर नवी पिन क्रिंप करून घ्या, स्पेअरपार्टवाल्याकडे सुट्या मिळतात. मग पुन्हा मोजा. १४ च्या आत अडकलं तर उद्या सकाळी हेडलाइटचा नवा बल्ब टाका, ३५/३५ वॅटचाच. दुकानदार जास्त उजेडाचा म्हणून १०० वॅटचा हातात देईल, तो घेऊ नका. ही कॉइल तेवढं पुरवू शकत नाही, आणि होल्डर वितळेल तो वेगळा.

सातपूरकर_एमएच१५
१३.६ ला अडकलं. क्लिपचं काम रविवारी करतो, तोपर्यंत भावाने वायरीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दिलाय.

मेरीवाली_आरएक्स
रविवारी करताना फोटो टाका, माझ्या यामाहा आरएक्सलाही तशीच क्लिप आहे.