बीकेसीत पहिली नोकरी, फॉर्मल कपड्यांचं काय करू? बजेट ७ हजार

सोलापुरी_चटणी
नमस्कार मंडळी. बीकॉम झालंय, सोलापूरचा आहे, बीकेसीतल्या एका फायनान्स कंपनीत लागलोय, १ जुलैला जॉइनिंग. राहायला डोंबिवलीत मावशीकडे. मेलमध्ये लिहिलंय सोमवार ते गुरुवार बिझनेस फॉर्मल आणि शुक्रवारी स्मार्ट कॅज्युअल, हे दुसरं म्हणजे नक्की काय ते पण सांगा की. माझ्याकडे जीन्स आणि कॉलेज फेस्टचे टीशर्ट सोडून काही नाही. इंटरव्ह्यूला चुलतभावाच्या रिसेप्शनचा चकचकीत राखाडी सूट घालून गेलो होतो, एप्रिलचं ऊन, आतून घामाने आंघोळ, आणि पॅनेलमधल्या मॅडमनी हसत विचारलं लग्नाहून डायरेक्ट आलात का. तरी घेतलं म्हणा.
अंगाने काटकुळा आहे, रेडिमेड ३८ घेतला तर पोटाशी तंबू होतो आणि ३६ घेतला तर बाह्या मनगटाच्या वर जातात. मॉलमध्ये जाऊन आलो, एका ब्रँडेड शर्टात निम्मं बजेट संपतंय. नीटनेटकं तर दिसायचंयच पण जरा स्टायलिश पण दिसायचंय, नवरदेव नको फक्त.

टेलरचा_पोरगा
भावा तू सोलापूरचा, अख्ख्या देशाचे युनिफॉर्म शिवणारं गाव तुझं आणि तू मॉलमध्ये काय करतोयस 😄
आधी घरातलं कपाट उघड. आईला विचार आहेरात आलेले पँटपीस शर्टपीस कुठे ठेवलेत, प्रत्येक घरात एक गठ्ठा असतोच, एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत असतो तो. शर्टाचा पीस साधारण १.६० मीटर आणि पँटचा १.२० असतो, तुझ्या अंगाला आरामात पुरतो. पण सगळं शिवायला टाकू नको. कडेचा एक धागा काढून काडीने जाळून बघ, कागदासारखा जळून राख झाली तर कॉटन, वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. निव्वळ पॉलिस्टरचा शर्ट मुंबईत घालशील तर पुन्हा तोच एप्रिल. आणि चमक मारणारं काहीही असेल ते ठेव पुढच्या आहेराला.
कॉटन असेल तर शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात टाकून वाळव, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतो आणि शिव्या टेलरला. आमच्या बाबांनी ३० वर्षं त्या खाल्ल्यात.
आता फिटिंग. खांद्याची शिलाई बरोबर खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे, खाली ओघळली की माणूस थोरल्या भावाचा शर्ट घातल्यासारखा दिसतो. पोटातला घेर कुठलाही अल्टरवाला मशीनवर दोन शिलाया मारून कमी करतो, पण खांदा उसवायचा म्हणजे बाही पण काढायची, कॉलर पण सांभाळायची, कोणी नीट करत नाही. म्हणून रेडिमेड घेतलाच तर खांदा बघून घे, पोट नंतर. टेलरला दोन गोष्टी बजावून सांग, कॉलर आणि कफला पेस्टिंग, म्हणजे आतला कडक थर, चांगलं टाक, स्वस्तातलं टाकलं की चार धुण्यात कॉलरवर फुगे येतात, आणि पँटला आत दीड इंच कापड सोड. बीकेसीत कँटीन असतं, तू काटकुळा राहणार नाहीस.

साधा_माणूस
एवढं काय त्यात, काम बघतात कपडे नाही. मी ११ वर्षं तेच तीन शर्ट फिरवतोय.

लोकलवाली_ताई
@साधा_माणूस तुमची ११ वर्षं झाली म्हणून चालतं हो, नवीन पोराचं काम दिसायला महिना लागतो तोवर शर्टच दिसतो.
चटणी, मी डोंबिवली ते कुर्ला आणि पुढे शेअर रिक्षा असं चार वर्षं केलंय तेव्हा ऐक, तुझे कपडे आधी सकाळच्या फास्ट लोकलला पुरले पाहिजेत, ऑफिसचं नंतर बघू. बॅग पुढे छातीवर घ्यावी लागते, त्यामुळे कडक इस्त्रीचा प्युअर कॉटन शर्ट ठाणे यायच्या आत पुढून पापड होतो आणि लिनन तर विचारूच नको. कॉटनमध्ये थोडं पॉलिस्टर असलेला घे. आमच्याकडचे बरेच जण सरळ टीशर्टवर येतात आणि ऑफिसला पोचून बदलतात, कोणी काही म्हणत नाही. एक इस्त्री केलेला शर्ट ड्रॉवरमध्ये ठेवूनच दे, चहा सांडतो तो नेमका प्रेझेंटेशनच्या दिवशी.
जुलै म्हणजे मुसळधार. बेज पँट चार महिने विसर, रिक्षाने उडवलेला चिखल मागून गुडघ्यापर्यंत दिसतो. नेव्ही आणि चारकोल, दोनच पँट, टेरीकॉट टाइप लवकर वाळणाऱ्या. लेदरचे बूट ऑफिसमध्ये ठेव, येताजाता रबरी सँडल. तरी भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे, उन्हात किंवा गॅसजवळ नाही, लेदर तडकतं.
अजून एक, पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन घालू नको, त्याची पट्टी न पट्टी बाहेरून मोजता येते. अंगाच्या रंगाचं घाल. हे मला नवऱ्याला सांगायला दोन वर्षं लागली.
शुक्रवारचं म्हणशील तर कॉलरचा साधा टीशर्ट किंवा खादीचा शर्ट, गडद न फाटलेली जीन्स चालते का ते पहिल्या शुक्रवारी बाकीच्यांकडे बघून ठरव. त्या दिवशी पँट-शर्टच घालून जा.

गुरुजी_झेडपी
तुम्हाला निदान मेल तरी आला, आम्हाला १५ मार्च २०२४ चा जीआर आहे. जीन्स टीशर्ट बंद, शर्ट पँटमध्ये खोचलेला, बायकांना साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा. आणि गडद रंग नको, चित्रविचित्र नक्षी पण नको म्हणे. आमच्याकडे खडू, फळा आणि शाळेसमोरची लाल माती, फिकट शर्टाची संध्याकाळी काय अवस्था होते ते मंत्रालयात कोण बघणार. असो, विषय तुमचा चाललाय. खोचायचा शर्ट शिवताना उंची चांगली ठेवा एवढंच सांगतो, हात वर करून फळ्यावर लिहिलं की आखूड शर्ट मागून बाहेर येतो.

सोलापुरी_चटणी
अपडेट देतो. कपाटातून ९ पीस निघाले!! त्यातले चार माझ्या मुंजीतले आहेत असं आई म्हणते. काडी लावून बघितली, घरभर जळका वास, आजी ओरडली, पाच पॉलिस्टर निघाले आणि बाकीचे बरे. आकाशी, पांढरा आणि बारीक रेघांचा फिका गुलाबी असे तीन शर्ट आणि नेव्ही पँट शिवायला टाकतोय, चारकोलचं कापड घ्यावं लागेल. गुलाबी चालेल ना? तेवढीच स्टाइल. उरलेल्या पैशात बूट आणि बेल्ट, दोन्ही तपकिरी घेऊ का काळे? आणि टेलर काका म्हणतायत पँट टाचेपर्यंत लांब हवी, चुलतभाऊ म्हणतोय घोट्याच्या वर हवी, दोघांची दुकानातच जुंपली.

टेलरचा_पोरगा
फिका गुलाबी नेव्हीवर झकास दिसतो, बिनधास्त. बूट आणि बेल्ट एकाच रंगाचे, एकच जोडी घेणार असशील तर काळे, चारकोलवर पण जातात. पँट भाऊ म्हणतो तेवढी वर नको आणि काका म्हणतात तेवढी खाली पण नको, बुटावर एक हलकी घडी पडेल एवढी. पण माप चपलेवर देऊ नको, आधी बूट घे आणि ते पायात घालून दुकानात जा.

सोलापुरी_चटणी
चपलेवरच दिलंय काल 😐 जातो परत.