लहान विद्यापीठात परागकण व सूक्ष्मजीवाश्मांचे संशोधन कसे वाढवावे?

प्रश्न: वनस्पतिशास्त्र, सातारा

नमस्कार. साताऱ्यातील एका लहान विद्यापीठात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पासाठी आम्ही फुलांचे परागकण पाहू लागलो आणि तीन वर्षांत पाच विद्यार्थी या कामाला लागले. एक चांगला सूक्ष्मदर्शक आणि एक सेंट्रिफ्यूज एवढीच आमची सामग्री आहे. भूशास्त्राचे सहकारी आता तळ्यांचा गाळ आणि खडकांतील सूक्ष्मजीवाश्म यांकडे वळू म्हणतात. हाती आलेल्या थोड्या निधीतून गाळाचे नमुने काढण्याची साधने आधी घ्यावीत, की खडक विरघळवणाऱ्या हायड्रोफ्लुरिक आम्लाची व्यवस्था करावी? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: मिरज

मॅडम, माझ्या मते दोन्ही वर्षभर थांबू द्या आणि आधी आपल्या जिल्ह्यातील फुलांच्या परागकणांचा संदर्भसंग्रह पुरा करा. गाळातला कण ओळखायचा म्हणजे तो आजच्या ओळखीच्या कणाशी ताडून पाहायचा. ताडायला काचपट्टीच नसेल, तर मोजणीच्या तक्त्यात ‘अनोळखी’ हाच रकाना सर्वांत मोठा होतो. जांभळाचा कण त्रिकोणी दिसतो, गवताचा गोल आणि एकाच छिद्राचा. पण ज्वारी आणि रानगवत यांत भेद करताना आकारमान व छिद्राभोवतीचे कडे मोजावे लागते, आणि ते करूनही पुष्कळदा खात्री देता येत नाही.

ॲसिटोलिसिससाठी (परागकण आम्लाने स्वच्छ करण्याच्या पद्धतीसाठी) नऊ भाग ॲसिटिक अनहायड्राइड आणि एक भाग तीव्र गंधकाम्ल यांचे मिश्रण त्याच दिवशी करावे. नमुन्यात पाणी राहिले तर ते उसळते, म्हणून आधी ग्लेशियल ॲसिटिक आम्लाने धुणे चुकवू नये. आमच्या पहिल्या खेपेला नळ्यांवरची शाईची नावे आम्लाने पुसली गेली आणि महिनाभराचे नमुने टाकून द्यावे लागले. तेव्हापासून आम्ही नळीवर क्रमांक कोरूनच घेतो.

उत्तर: कऱ्हाड, भूशास्त्र

वरील मताशी मी सहमत आहे. आपल्या पायाखाली बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक आहे, म्हणून सूक्ष्मजीवाश्म शोधायचे ते लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्या-ओढ्यांच्या गाळात. वनस्पतिजीवाश्मांचे अभ्यासक साहनी आणि राव यांनी १९४३ मध्ये छिंदवाड्याकडच्या अशाच थरांतून ॲझोला या पाण्यावरच्या नेच्याची एक जीवाश्म जाती वर्णिली होती. पठारावरच्या जांभ्याच्या मातीत मात्र फारशी आशा ठेवू नका. परागकणाचे कवच आम्लाला दाद देत नाही, परंतु हवा खेळती असलेल्या, ओल्या-सुक्या होणाऱ्या मातीत ते कुजते. सतत पाण्याखाली राहिलेला काळा चिखलच ते जपतो.

हायड्रोफ्लुरिक आम्ल काच खाते, डायटम या सूक्ष्म शैवालांची सिलिकाची कवचेही विरघळवते, आणि त्वचेवर पडल्यास सुरुवातीला वेदना जाणवेलच असे नाही. योग्य धूरकपाट, प्लास्टिकची भांडी, या आम्लाने भाजल्यास लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि प्रशिक्षित माणूस नसेल, तर ही बाटली विभागात आणूच नये, असे मी आग्रहाने सांगतो. तोवर खडकांचे मोजके नमुने लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी विनंती करून तपासून घेता येतात का, ते पाहा.

उत्तर: वाई

महाबळेश्वरचा मध विसरू नका. जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी यांचे परागकण त्यात सापडतात, खर्च थोडा येतो आणि मध कोणत्या फुलांचा याचे उत्तर मधपाळांनाही हवेच असते. कारवी मात्र सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. तो हंगाम हातचा जाऊ देऊ नका.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. संदर्भसंग्रहापासूनच सुरुवात करते. कास पठारावरील फुलांसाठी वनविभागाकडे परवानगीचा अर्ज या आठवड्यात देते, आणि मधाचे नमुने दोन विद्यार्थ्यांकडे सोपवते.